इमारत गेली, शिष्य राहिले : पं. विष्णू दिगंबर पलुसकर



गेले काही रविवार मिस्सा संपल्यावर अंगणात एकच विषय चालू आहे, आपला गायनवृंद. पेटी वाजवणारे काका वयाने थकले आहेत. तबल्यावर बसणारा मुलगा शिक्षणासाठी नागपूरला गेला. तयार ताल वाजवणारा कीबोर्ड घ्यावा असे काहींना वाटते. तेवढ्याच पैशात मुलांना गाणे शिकवायला शिक्षक ठेवावा असे इतरांना वाटते. दोन्ही बाजू तळमळीने बोलतात आणि दोघांचेही म्हणणे खोटे नाही. म्हणून निर्णयाआधी मी तुम्हाला एका माणसाचे चरित्र सांगणार आहे. तो माणूस ख्रिस्ती नव्हता आणि आपल्या भागातलाही नव्हता. पण आज तुमच्या घरातले मूल कुठल्या तरी क्लासमध्ये जाऊन सा रे ग म शिकत असेल, परीक्षा देऊन प्रमाणपत्र आणत असेल, तर त्यामागे या माणसाचे कष्ट आहेत. त्यांचे नाव पंडित विष्णू दिगंबर पलुसकर.

डोळे गेले, कान उघडले

विष्णू दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. हे गाव आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. त्या काळी ते पटवर्धनांचे एक छोटे संस्थान होते. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. सांगलीजवळच्या पलूस गावचे म्हणून लोक त्यांना पलुसकर म्हणू लागले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. त्यामुळे अभंग, पदे, टाळ-मृदंग हे सारे विष्णूच्या कानावर पाळण्यातच पडले असणार. पण मुलाने गवई व्हावे असा कोणाचा विचार नव्हता. चारचौघांसारखे शिकून त्याने नोकरी-व्यवसाय करावा एवढीच अपेक्षा होती.

मग एक अपघात झाला. कुरुंदवाडजवळच नरसोबाची वाडी आहे. तिथे दत्तजयंतीच्या उत्सवात एक फटाका या मुलाच्या तोंडाजवळ फुटला आणि दोन्ही डोळ्यांना इजा झाली. लहान गावात लगेच उपचार मिळाले नाहीत. अनेक महिन्यांच्या औषधपाण्यानंतर थोडी दृष्टी परत आली, पण पुस्तके वाचून पुढे जाण्याचा मार्ग बंद झाल्यासारखा झाला. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मुलाचा गळा ऐकला होता. त्यांनी वडिलांना सुचवले की याला गाणे शिकवा.

आपण अशा प्रसंगाला देवाची इच्छा म्हणून लगेच मोकळे होतो. मी तसे म्हणणार नाही. एका मुलाचे डोळे भाजले ही वाईटच गोष्ट होती. पण आजूबाजूच्या माणसांनी त्या मुलाचे काय गेले एवढेच मोजत न बसता त्याच्याजवळ काय उरले आहे ते पाहिले. त्यातून पुढचे सारे घडले.

मिरजेची बारा वर्षे

विष्णूला मिरजेला पाठवण्यात आले. मिरजेच्या संस्थानिकांचा त्याला आधार मिळाला आणि गुरू मिळाले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. बाळकृष्णबुवांचे नाव महाराष्ट्राच्या संगीतात फार मोठे आहे. तरुणपणी उत्तरेत जाऊन, हाल सोसून, वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून त्यांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी मिळवली आणि ती महाराष्ट्रात आणून रुजवली. वासुदेवबुवांची विद्या ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सू खाँ यांच्या घराण्यातली होती. म्हणजे मुसलमान उस्तादांकडून ब्राह्मण बुवांकडे आणि त्यांच्याकडून या अर्धवट दृष्टीच्या मुलाकडे, अशी ती विद्या आली. हे ध्यानात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

त्या काळी गाणे शिकणे म्हणजे गुरूच्या घरी राहणे, पाणी भरणे, पडेल ते काम करणे आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा जे कानावर पडेल ते टिपून घेणे. वही नाही, पुस्तक नाही, ठरलेला अभ्यासक्रम नाही. आज काय शिकवणार आणि उद्या काय, हे शिष्याने विचारायचे नसे. विष्णूने अशी सुमारे बारा वर्षे काढली. गळा तयार झाला, बंदिशींचा साठा झाला. त्याबरोबर एक प्रश्नही मनात तयार झाला असावा. ज्याला बारा वर्षे देता येत नाहीत, ज्याला गुरूच्या घरी राहता येत नाही, त्याने गाणे शिकायचेच नाही का?

याच काळातली एक गोष्ट सांगतात. मिरजेत एका समारंभाचे निमंत्रण विष्णूला आले, पण त्याच्या गुरूंना आले नाही. कारण विचारल्यावर कळले की गवयांना अशा ठिकाणी बोलावण्याची रीत नाही. विष्णू राजाश्रयातला, चांगल्या घरचा, म्हणून त्याला बोलावणे होते. ज्यांच्या गाण्यावर दरबार डोलायचा, त्यांना पंगतीत मात्र जागा नव्हती. हा अपमान विष्णूच्या जिव्हारी लागला.

आपण हे समजून घेतले पाहिजे. त्या काळात गाणारा माणूस म्हणजे व्यसनी, बेभरवशाचा, असा समज होता. गाणारी बाई म्हणजे तर बोलायलाच नको. लोकांना गाणे आवडायचे, पण स्वतःचा मुलगा गवई व्हावा असे कोणालाही वाटत नसे. कला हवी आणि कलावंत नको, हा दुटप्पीपणा मोडायचा असा निश्चय विष्णू दिगंबरांनी केला. १८९६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी मिरज सोडली. राजाश्रय सोडला आणि गुरुगृहही सोडले.

दरबाराबाहेरचे गाणे

पुढची चार-पाच वर्षे प्रवासाची आहेत. सातारा, बडोदे, काठियावाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब. बडोद्याला महाराणी जमनाबाईंनी त्यांचा सन्मान केला. मनात असते तर तिथेच दरबारी गवई म्हणून आयुष्य सुखात गेले असते. पण पंडितजींना पुन्हा एका राजाच्या दारात बसायचे नव्हते.

काठियावाडात त्यांनी एक नवीन गोष्ट केली. तिकीट लावून जाहीर मैफल केली. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते आणि रात्रभराच्या नाटकाला माणसे तिकीट काढूनच बसतात. पण शास्त्रीय गाणे त्या वेळी राजवाड्यात, सरदाराच्या दिवाणखान्यात किंवा कोठीवर चालायचे. सामान्य माणसाला तिथे प्रवेश नव्हता. तिकिटाचे दोन-चार आणे दिले की शेतकरी, कारकून, दुकानदार कोणीही समोर बसू शकतो, आणि गवयाचे पोट एका मालकाच्या मर्जीवर न राहता अनेकांच्या छोट्या-छोट्या पैशांवर चालते, हा विचार त्या काळात नवीन होता.

मथुरेला राहून त्यांनी हिंदी आणि ब्रज भाषेचा अभ्यास केला. बंदिशी बहुतेक त्या भाषेतल्या. जे गायचे त्याचा अर्थ समजला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. आपल्या मिस्सेत गाणाऱ्या प्रत्येकाने हा आग्रह स्वतःला लावून पाहावा.

लाहोरची रिकामी खोली

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे पंडितजींनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. कुरुंदवाडपासून लाहोर किती दूर! भाषा वेगळी, माणसे वेगळी, ओळखीपाळखीचे कोणी नाही. संगीत शिकवणाऱ्या शाळा त्याआधीही होत्या. बडोद्याला मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ पासून संस्थानाच्या मदतीने चालत होती. पण पंडितजींचे विद्यालय कोणा राजाच्या खजिन्यावर उभे नव्हते. विद्यार्थ्यांची फी, लोकांच्या देणग्या आणि त्यांच्या स्वतःच्या मैफलींची कमाई, एवढ्यावर ते चालायचे होते.

सांगतात की पहिले काही दिवस एकही विद्यार्थी आला नाही. वेळ झाली की पंडितजी वर्गात जाऊन बसत आणि तंबोरा घेऊन स्वतःच रियाज करीत. ठरलेली वेळ संपली की उठत. रिकाम्या खोलीतही त्यांनी वेळापत्रक मोडले नाही. मला ही गोष्ट फार आवडते. आपण काही सुरू करतो, चार माणसे आली नाहीत की दुसऱ्या आठवड्यात बंद करतो आणि लोकांना आवड नाही असे म्हणून मोकळे होतो.

हळूहळू मुले आली. त्यांची शिकवण्याची पद्धत त्या काळी नवीन होती. ठरावीक तास, ठरावीक वर्ग, ठरावीक अभ्यासक्रम, शेवटी परीक्षा. एकाच वेळी अनेक मुले एका सुरात म्हणणार. त्यांनी पाठ्यपुस्तके लिहिली. लहान मुलांसाठी 'संगीत बालप्रकाश', पुढच्यांसाठी 'रागप्रवेश'चे भाग. संगीताचे मासिक काढले. स्वतःचा छापखाना घातला आणि वाद्यांच्या दुरुस्तीची सोयही केली.

आणि गाणे कागदावर लिहिण्यासाठी त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली. तिच्यात स्वराच्या डोक्यावर टिंब असले की तो खालच्या, म्हणजे मंद्र सप्तकातला. डोक्यावर उभी रेघ असली की तो वरच्या, तार सप्तकातला. प्रत्येक स्वराखाली तो किती वेळ धरायचा याचे चिन्ह. एक मात्रा, अर्धी मात्रा, पाव मात्रा, सगळे नेमके. त्याच काळात पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनीही एक स्वरलिपी केली. ती लिहायला सोपी असल्याने तिचाच प्रसार अधिक झाला. पण दोघांचा हेतू एकच होता. गुरूच्या गळ्यात कोंडलेले गाणे कागदावर यावे आणि कोणाही मुलाच्या हातात पडावे.

पंडितजींनी आणखी एक वर्ग सुरू केला, आणि माझ्या मते तोच त्यांच्या कामाचा प्राण होता. त्याचे नाव उपदेशक वर्ग. गरीब पण गुणी मुलांना ते स्वतःजवळ ठेवून घेत. राहणे-जेवणे फुकट, शिक्षण फुकट. बदल्यात मुलाने अनेक वर्षे तिथे राहून शिकायचे आणि नंतर दुसऱ्यांना शिकवायचे. पंडितजी नुसते गायक घडवत नव्हते, ते शिक्षक घडवत होते. सेमिनरीत दिवस काढलेल्या माझ्यासारख्याला ही पद्धत ओळखीची वाटते. पहाटे उठणे, नियम, सामुदायिक प्रार्थना, साधे जेवण, आणि पुढे जिथे पाठवतील तिथे जाणे.

ऐकणारे कान

पंडितजींवर एक आक्षेप घेतला जात असे. शाळेत तासाच्या हिशेबाने शिकून कोणी मोठा गवई होतो का? ते काम तर गुरूजवळ वर्षानुवर्षे बसूनच होते. आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता. पण त्यांचा हेतू वेगळा होता. शाळेतून तानसेन निघाले नाहीत तरी चालेल, चांगले ऐकणारे कान तरी निघतील, असे ते मानत.

हे वाचताना मला सेमिनरीतला तत्त्वज्ञानाचा तास आठवतो. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने राज्यव्यवस्थेवरच्या आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात मुलांच्या संगीतशिक्षणाचा विचार केला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की मुलांनी संगीत नुसते ऐकून भागणार नाही, ते हाताने आणि गळ्याने करून पाहिले पाहिजे. त्यांनी धंदेवाईक वादक व्हावे म्हणून नव्हे, तर मोठेपणी चांगले काय आणि वाईट काय हे त्यांना कळावे म्हणून. दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर, मध्ये समुद्र, आणि तरी दोघांचा विचार एकच.

आपल्या ख्रिस्ती समाजालाही हे नवीन नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या शाळांत गावातल्या मुलांना स्वर वाचायला, व्हायोलिन वाजवायला शिकवत. गरिबाघरची मुले तिथे शिकली आणि पुढे पोलिसांच्या बँडमध्ये, लष्करी बँडमध्ये, मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदात गेली. संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस हे गोव्याच्या माजोर्डा गावचेच. एका चर्चमधल्या मास्तराने किती घरे उभी केली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

मुंबई, कर्ज आणि लिलाव

१९०८ मध्ये पंडितजी मुंबईला आले आणि तिथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले. मुंबईत विद्यालय झपाट्याने वाढले. स्त्रियांसाठी वर्ग सुरू झाले. चांगल्या घरच्या मुली गाणे शिकू लागल्या, ही त्या काळात मोठी सामाजिक घटना होती. विद्यालयाला स्वतःची इमारत हवी म्हणून सँडहर्स्ट रोडवर मोठी वास्तू उभी राहिली. त्यासाठी कर्ज काढले.

हे कर्ज फेडण्यासाठी पंडितजी गावोगाव मैफली करीत फिरले. मिळवलेले पैसे विद्यालयात घालत. देणग्या येत, पण खर्च त्याहून मोठा. फुकट राहणारे, फुकट जेवणारे विद्यार्थी त्यांनी कमी केले नाहीत. अखेर १९२४ च्या सुमारास कर्जापोटी इमारतीचा लिलाव झाला. ज्या वास्तूसाठी गळा झिजवला, ती डोळ्यांदेखत गेली.

मी त्यांना या बाबतीत निर्दोष ठरवणार नाही. हिशेब हा त्यांचा प्रांत नव्हता. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही साधी म्हण त्यांनी पाळली नाही. धर्मग्रामाचे काम पाहताना मला याची आठवण ठेवावी लागते. चांगल्या हेतूने काढलेले कर्जसुद्धा कर्जच असते.

राष्ट्रसभेच्या मंडपात

याच काळात ते राष्ट्रीय चळवळीशी जोडले गेले. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते 'वंदे मातरम्' गात. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी धार्मिक कारणावरून गाण्याला हरकत घेतली, तरी पंडितजींनी गाणे पूर्ण केले. या प्रसंगाकडे लोक आजही वेगवेगळ्या नजरेने पाहतात. दोन्हीकडे प्रामाणिक श्रद्धा होती, आणि अशा वेळी एकत्र कसे बसायचे हा प्रश्न आपल्या देशाला अजून सुटलेला नाही, एवढेच मी म्हणेन.

त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात गेले. आश्रमाच्या प्रार्थनेला त्यांनी संगीताची शिस्त दिली आणि आश्रमाच्या भजनावलीचे संपादन केले. १९३० च्या दांडीयात्रेतही ते चालले. गांधीजींच्या प्रार्थनासभेतली रामधून देशभर गेली. तिच्या चालीचा संबंध पंडितजींशी जोडला जातो.

जे राहून गेले

चरित्र सांगताना नुसती स्तुती करू नये, नाहीतर तो माणूस खोटा वाटू लागतो. पंडितजींनी जुन्या बंदिशींतले शृंगाराचे शब्द काढून तिथे भक्तीचे शब्द घातले. चांगल्या घरच्या मुलांनी-मुलींनी गाणे शिकावे यासाठी त्यांना ते आवश्यक वाटले. पण त्यात काही चांगले काव्य गेले, हेही खरे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ही विद्या शतकानुशतके ज्यांनी जपली, ते मुसलमान उस्ताद आणि नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या स्त्रिया, यांना या नव्या प्रतिष्ठित संगीतात फारशी जागा राहिली नाही. गवयाला मान मिळावा म्हणून घर सोडणाऱ्या माणसाच्या चळवळीत काही गवयांचा मान मागे पडला. स्वतः पंडितजींची गायकी हद्दू-हस्सू खाँ यांच्या घराण्यातून आली होती हे मी वर सांगितले ते याचसाठी. उस्तादांना शाळा नको होत्या असेही नाही. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांना शिकवले.

शब्द पवित्र असावेत की सूर महत्त्वाचा, हा पेच आपल्याही परंपरेत आहे. संत आगस्तीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात कबूल केले आहे की चर्चमधले गाणे ऐकताना कधी-कधी गाण्यातल्या अर्थापेक्षा गाणेच मनाला अधिक हलवते, आणि मग आपण चुकलो असे त्यांना वाटते. तरीही चर्चमधले गाणे बंद करावे असे त्यांचे मत झाले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ मध्ये उपासनेवरच्या दस्तऐवजात सांगितले की ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तिला उपासनेत योग्य मान द्यावा. आपल्या वेदीजवळ आज पेटी, तबला आणि झांज आहेत, त्यामागे हा विचार आहे.

शेवट आणि सुरुवात

१९२२ मध्ये पंडितजींनी नाशिकला रामनाम आधार आश्रम स्थापन केला. इमारत गेल्यावर तेच त्यांचे घर झाले. अंगावर भगवी वस्त्रे आली. तुलसीदासांच्या रामायणावर ते प्रवचने करीत, आणि गाणे म्हणजे त्यांच्यासाठी आता बहुतेक नामस्मरणच राहिले. घरातही दुःख कमी नव्हते. त्यांची बरीचशी अपत्ये लहानपणीच गेली होती. दत्तात्रेय हा मुलगा १९२१ मध्ये झाला. तो दहा वर्षांचा असतानाच, २१ ऑगस्ट १९३१ रोजी, पंडितजींनी मिरजेत देह ठेवला. वय एकोणसाठ. जिथे गाणे शिकले तिथेच शेवट झाला. मागे इमारत नव्हती, पैसा नव्हता.

मागे होते ते शिष्य. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते अहमदाबादला एकत्र आले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या ज्या परीक्षा देशभरातली मुले देतात, त्या याच अखिल भारतीय मंडळाच्या. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ओंकारनाथ ठाकूर काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीत विभागाचे प्रमुख झाले. बी. आर. देवधर यांनी मुंबईत शाळा काढली, पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला आणि कुमार गंधर्वांना घडवले. नारायणराव व्यास यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजल्या. लहानग्या दत्तात्रेयाला बापाचे गाणे या गुरुबंधूंनीच शिकवले. तेच पुढचे डी. व्ही. पलुसकर. १९५२ च्या 'बैजू बावरा' चित्रपटात ते उस्ताद अमीर खाँ यांच्यासह गायले. १९५५ मध्ये वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी तेही गेले.

आणि आपला विदर्भ? पंडितजींचे एक शिष्य शंकरराव सप्रे नागपूरला शिकवत. त्यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा आला. आई एकटीने त्याला वाढवत होती. त्या मुलाचे नाव वसंत देशपांडे. 'कट्यार काळजात घुसली'मधले खाँसाहेब म्हणून अवघ्या महाराष्ट्राने ज्यांना डोक्यावर घेतले ते हेच वसंतराव. लाहोरच्या त्या रिकाम्या खोलीत लावलेले रोप आपल्या शेजारच्या नागपुरात असे फुलले.

गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो, असे प्रभू येशूने सांगितले आहे. विष्णू दिगंबरांचे आयुष्य पाहताना मला तो दाणा आठवतो. लिलावात दगड-विटा गेल्या. मुलांच्या गळ्यात घातलेले गाणे मात्र कोणत्याही सावकाराला नेता आले नाही.

आता आपल्या गायनवृंदाकडे येतो. माझा कल तुमच्या लक्षात आला असेल, तो मी लपवत नाही. कीबोर्ड पाच-सात वर्षांत जुना होतो. पण शिकलेले मूल पुढच्या मुलाला शिकवते. मात्र शिक्षक ठेवायचा तर कर्ज काढून नव्हे, दर महिन्याला जेवढे जमेल तेवढ्यात. आणि तो नुसता मुलांना बसवून मिस्सेची गाणी पाठ करून घेणारा नको, स्वर आणि ताल शिकवणारा हवा. मग ती मुले शेजारच्या भजन मंडळातही मानाने बसू शकतील आणि शेजारची मुलेही आपल्याकडे शिकायला येतील. शिकणाऱ्याचा धर्म आणि जात विचारली जाणार नाही, एवढी अट माझी.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात बसू आणि ठरवू. कीबोर्डच्या बाजूने बोलणाऱ्यांनी जरूर यावे. त्यांची अडचण खरी आहे, कारण नाताळच्या मिस्सेला पेटीवर कोण बसणार याचे उत्तर आपल्याजवळ अजून नाही. ज्यांना आपली मुले-मुली शिकवायची आहेत त्यांनी त्यांना सोबत आणावे. पहिल्या दिवशी दोनच आली तरी वर्ग ठरल्या वेळी सुरू होईल. कोणीच आले नाही तर पेटी काढून मी स्वतः बसेन. माझा सूर कसा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा माझ्यासाठी नाही तरी तुमच्या कानांसाठी या.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचा धर्मगुरू